गल्ली हिरवी झाली. गल्लीतल्या बाया कुठे गेल्या?

मुंबईच्या कुठल्याही उपनगरात आज फेरफटका मारा. गल्लीच्या तोंडाशी हिरवी पाटी दिसेल, भिंतीवर रंगवलेले पक्षी दिसतील, पदपथाच्या कडेने सिमेंटच्या कुंड्या मांडलेल्या दिसतील. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावलेला असेल. शेजारीपाजारी एकत्र आले, वर्गणी काढली, महापालिकेच्या मागे लागले आणि गल्ली सुधारली! स्थानिक पुरवणीत फोटोही येतो. त्यात कुदळ हातात घेतलेले चार पुरुष पुढे असतात आणि मागे सात-आठ बायका. रोप खड्ड्यात गेल्यानंतर त्याला रोज पाणी कोण घालते हे फोटोत दिसत नाही. आणि त्या जागी काल कोण बसत होते, हे तर मुळीच दिसत नाही.

फोटोत न दिसणाऱ्या या दोन गोष्टींबद्दल मला भांडायचे आहे.

आधीच स्पष्ट करते, झाडांशी माझे भांडण नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून गेली बारा वर्षे मी पूर्व उपनगरातल्या वस्त्यांमध्ये काम करते आहे. पत्र्याच्या घरात मे महिन्याची दुपार कशी जाते ते रोज पाहते आहे. ज्या बाईच्या दारात कडुनिंब आहे ती दुपारी बाहेर बसून निवडणे-टिपणे करते. जिच्या दारात काही नाही ती आत भाजून निघते. सावली ही श्रीमंतांची चैन नव्हे. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन झाडे लावावीत, कचरा वेगळा करावा, दिवा लावून घ्यावा, पदपथ नीट करून घ्यावा, हे सगळे मला हवे आहे. म्हणूनच ते कोणाच्या जिवावर होते, असा सवाल मी करते आहे.

ही परंपरा आपलीच

स्त्री-चळवळीतल्या अनेकजणी या विषयाकडे पाहून नाक मुरडतात. ‘सोसायटीवाल्यांचा छंद आहे तो, आपल्याला हिंसाचाराच्या केसेसमधून सवड कुठे!’ असे बैठकांमध्ये कितीदा तरी ऐकले आहे. पण मैत्रिणींनो, आपली चळवळ उभी राहिली कुठून? १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या हाकेला ओ देऊन हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर आल्या. त्यांना कोणी स्त्रीवादाचा वर्ग घेऊन आणले नव्हते. रॉकेल, धान्य, नळाचे पाणी यासाठी चाळीचाळीतून, गल्लीगल्लीतून शेजारणींनी एकमेकींना हाका मारल्या होत्या. गोरेगावच्या पाण्यासाठी लढल्या म्हणून मृणालताई गोरे ‘पाणीवाली बाई’ झाल्या. म्हणजे गल्ली, नळ आणि शेजारीण ही आपल्या राजकारणाची पहिली शाळा आहे. तीच शाळा दुसऱ्यांच्या हाती गेली, आणि आता तिथे काय शिकवले जाते हे पाहायलाही आपण जात नाही.

१९९७ साली मुंबई महापालिकेने ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ ही योजना आणली. लोक तिला ए.एल.एम. म्हणतात. तिची सुरुवात घाटकोपरच्या जोशी लेनपासून झाली. कल्पना साधी होती. गल्लीतल्या रहिवाशांनी संघटित व्हायचे, ओला-सुका कचरा वेगळा करायचा, ओल्याचे खत करायचे, झाडे राखायची; महापालिकेने अधिकारी नेमून द्यायचा आणि त्याने तक्रारींची दखल घ्यायची. या योजनेतून चांगली कामे झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. कित्येक गृहिणी पहिल्यांदा वॉर्ड ऑफिसची पायरी चढल्या, अर्ज लिहायला शिकल्या, इंजिनियरला ‘काम कधी होणार ते लेखी द्या’ म्हणायला शिकल्या. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात गल्लीचे गाऱ्हाणे वर पोचवायला बऱ्याच ठिकाणी असे रहिवासी गटच तेवढे उरले होते.

एवढे मोल मान्य करूनच पुढचे म्हणते.

पाणी कोण घालते?

केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीचे आकडे पाहा. २०२४ च्या पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची जातात ८८ मिनिटे. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषानेही आपली नऊ मिनिटे काढून घेतली!

अशा घरांतून जी ‘परिसर समिती’ तयार होते तिच्यात कामाची वाटणी काय वेगळी होणार? अध्यक्ष, सचिव, अधिकाऱ्यांशी बोलणे, उद्घाटनाचे भाषण हे पुरुषांकडे. बैठक रात्री नऊला, म्हणजे बाईच्या हातात नेमके लाटणे असते तेव्हा. कचरा वेगळा करणे, खताच्या ड्रममध्ये हात घालून ढवळणे, कुंड्यांना पाणी, पंधरा ऑगस्टची रांगोळी हे बायकांकडे. दारात सडा घालणारीने आता गल्लीभर सडा घालायचा! घराचा उंबरठा ओलांडून बाई सार्वजनिक जीवनात आली असे आपण म्हणणार, आणि प्रत्यक्षात तिचे घरकामच उंबरठ्याबाहेर पसरलेले असणार.

मी ज्या भागात काम करते तिथल्या एका गल्लीत समितीने लावलेली पाणी घालण्याची यादी पाहिली. नऊ नावे होती आणि नऊही बायकांची. चौकशी केल्यावर कळले की त्यातल्या चौघी स्वतः पाणी घालतच नाहीत. त्यांच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका घालतात. ‘जाता जाता खालच्या कुंड्यांना दोन बादल्या घाल ग,’ एवढ्या एका वाक्यात ते काम खाली सरकले. त्याचे पैसे नाहीत, त्याची नोंद नाही. समितीच्या अहवालात मात्र ‘रहिवाशांचे श्रमदान’ असे छापले गेले.

शेजारी कोणाला म्हणायचे?

त्याच गल्लीची हकीकत पुढे सांगते, कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे. गल्लीच्या एका अंगाला पाच सोसायट्या आहेत, टोकाला बैठी चाळ आणि त्यापुढे वस्ती. मध्यावर एक जुना रेन ट्री आहे. त्याच्या सावलीत तीन भाजीवाल्या बसायच्या. त्यांतली एक जुन्नरकडची मावशी एकोणीस वर्षे तिथे बसत होती. पहाटे वाशीहून माल आणायचा, सातला पाटी मांडायची आणि रात्री साडेनऊला आवरायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या गुडघे गेलेल्या आजी दोरीला पिशवी बांधून खाली सोडत आणि मावशी तिच्यात पालक, टोमॅटो टाकत. शाळेतून लवकर आलेले पोर मावशींच्या शेजारी पोत्यावर बसून आईची वाट पाही. पालेभाजीवर शिंपडून उरलेले पाणी त्या पलीकडच्या बकुळीच्या रोपाला घालत. त्या पाण्यावर ते रोप त्यांच्या डोक्याएवढे झाले.

समितीने ‘हरित गल्ली’ करायचे ठरवले आणि तक्रारअर्ज गेला. एका सकाळी महापालिकेची गाडी आली. तराजू, ताडपत्री, मेथीच्या दोन पाट्या उचलून नेल्या. माल सोडवायचा दंड दोन दिवसांच्या कमाईपेक्षा जास्त होता, आणि तोवर मेथी राहते थोडीच! दुसऱ्या दिवशी रेन ट्रीखाली बोगनवेलीच्या काटेरी कुंड्या येऊन बसल्या. एकीला एक खेटून, मध्ये पाटीसुद्धा मावणार नाही अशा बेताने. मावशी मला म्हणाल्या, “ताई, झाडं लावायची म्हणून आम्हाला सांगितलं असतं तर आम्हीही लावली असती. बकुळ कोणी वाढवलीय?”

मी समितीच्या सचिवांना भेटले. गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, “मॅडम, आम्ही कोणाच्या पोटावर पाय दिलेला नाही. त्या इथल्या रहिवासी नाहीत एवढंच.”

एवढंच! एकोणीस वर्षे रोज चौदा-पंधरा तास त्या गल्लीत घालवणारी बाई तिथली नाही. आणि तिथे फ्लॅट घेऊन कुलूप लावून ठेवणारा मात्र रहिवासी! शेजारी कोण हे घराच्या कागदावरून ठरते. आपल्या देशात त्या कागदावर बाईचे नाव किती घरांत असते, हे वाचकांना मी सांगायला नको. उद्या नवऱ्याने घराबाहेर काढले तर सोसायटीतली बाईसुद्धा त्या गल्लीची कोणी लागत नाही.

त्या तिघींपैकी एक आता गल्लीच्या तोंडाशी, उन्हात, सतत गाडीच्या धास्तीने बसते. एक गावी गेली. तिसरी त्याच सोसायट्यांमध्ये चार घरची भांडी घासते. तिलाही ‘जाता जाता’ कुंड्यांना पाणी घालायला सांगितलेले आहे. एके काळी ती जिथे बसून कमवत होती, तिथल्याच कुंड्या आहेत त्या.

‘पण पदपथ चालण्यासाठी असतो!’

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. म्हाताऱ्या बाईला, गरोदर बाईला, कडेवर मूल घेतलेल्या बाईला मोकळा पदपथ हवाच. पण हिशेब नीट मांडू या. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फेरीवाल्यांसाठी एका माणशी जागा घालून दिली ती १ मीटर बाय १ मीटर. रस्त्याकडेला उभी राहणारी एक मोटार साधारण २ मीटर बाय ५ मीटर जागा अडवते. म्हणजे एका मोटारीच्या जागेत दहा भाजीवाल्या बसतील. त्या गल्लीत मी मोजल्या तेव्हा रस्त्यावर एकवीस मोटारी उभ्या होत्या. समितीच्या एकाही तक्रारअर्जात त्यांच्याविषयी एक ओळ नव्हती. आणि ज्या पदपथावर भाजीवाली अडथळा होती, त्याच पदपथावर आता कुंड्या आहेत. आजींनी चालायचे कुठून?

कायद्याचेही तेच. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरी पदपथावरच्या लोकांना रीतसर नोटीस देऊन हटवता येईल असेही म्हटले. पुढे २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पाहणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही उठवायचे नाही, शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले हवेत आणि त्यांच्यात एक तृतीयांश बायका हव्यात, असे तो सांगतो. रहिवासी संघांनाही या समितीत जागा आहे. म्हणजे भाजीवाली आणि सोसायटीवाली यांनी एका टेबलाशी बसून गल्लीचा निवाडा करावा, अशी सोय कायद्यानेच केलेली आहे. मुंबईत विक्रेत्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक व्हायला मात्र ऑगस्ट २०२४ उजाडला! दहा वर्षे टेबलच मांडले नाही, आणि अतिक्रमणाची गाडी एक दिवस थांबली नाही.

आमच्या नावाने

मला सर्वात जास्त चीड येते ती ‘बायका-मुलींच्या सुरक्षिततेसाठी’ या शब्दांची. भाजीवाल्या उठवायच्या, चहाची टपरी उठवायची, बाकडी काढायची, कॅमेरे लावायचे, आणि सगळे आमच्या नावाने! त्या गल्लीत मावशींचा दिवा गेल्यापासून साडेआठनंतर शुकशुकाट असतो. क्लासवरून येणाऱ्या मुली आता मोठ्या रस्त्याने वळसा घालून येतात. कॅमेरा काय घडले ते दुसऱ्या दिवशी दाखवील. पाठलाग करणाऱ्याला “काय रे, कोण पाहिजे तुला?” असे त्याच क्षणी विचारायला तिथे माणूस लागते. ते काम मावशी फुकट करत होत्या.

आणि सुरक्षितता म्हणता म्हणता पहारा कसा सुरू होतो तेही पाहा. २०२१ साली बोरिवलीत एका सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर ‘नो किसिंग झोन’ अशी मोठी अक्षरे रंगवली गेली. रस्ता सार्वजनिक, पण त्यावर कोणी कसे बसायचे हे ठरवणार शेजारी! मुंबईच्या रस्त्यावर बाईला काम नसतानाही रेंगाळता आले पाहिजे, अशी मांडणी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या ‘व्हाय लॉयटर’ या पुस्तकात केली. त्याच सुमाराला ‘राईट टू पी’ मोहिमेतल्या कार्यकर्त्या बायकांच्या मोफत मुताऱ्यांसाठी महापालिकेशी भांडू लागल्या. सुशोभित गल्लीत बाईला बसायला बाकडे आहे का, मुतारी आहे का, की फक्त बघायला जास्वंद आहे?

झाडू कोणाच्या हातात?

सोसायट्यांच्या गल्ल्यांना प्रगत परिसर व्यवस्थापन, आणि वस्त्यांना? त्यांच्या वाट्याला दत्तक वस्ती योजना आली. पुढे २०१३ पासून तिचे नाव ‘स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान’ झाले. ‘दत्तक’ हा शब्दच बघा! सोसायटीतला माणूस नागरिक, आणि वस्तीतला माणूस अनाथ पोर. तिथे स्थानिक संस्थेला काम द्यायचे, झाडणाऱ्या-उचलणाऱ्याला ‘स्वयंसेवक’ म्हणायचे, आणि पगाराऐवजी मानधन टेकवायचे. स्वयंसेवक म्हटले की किमान वेतन नको, रजा नको, प्रसूतीची सुट्टी नको. मुंबईतल्या कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत वर्षानुवर्षे लढावे लागले, तेव्हा कुठे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २,७०० जणांना न्याय मिळाला. झाडू कोणत्या जातींच्या हाती दिला जातो हे आपण जाणतो. गल्ली स्वच्छ झाल्याचा सत्कार होतो तेव्हा व्यासपीठावर ती जात नसते.

दुसरी वाट आहे, आणि ती लांब नाही. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यात बहुसंख्य बाया, बहुसंख्य दलित. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली तिने पुणे महापालिकेशी करार केला. कचरा वेचणारी बाई ओळखपत्र लावून दारावर येते आणि सेवेचे शुल्क मागते. करार टिकवण्यासाठी त्यांना पुनःपुन्हा झगडावे लागले, हेही खरे. पण मुद्दा स्पष्ट आहे. ‘श्रमदान’ म्हणून गिळले जाणारे काम त्यांनी काम म्हणून मान्य करून घेतले.

तर मग काय करायचे?

गल्ली सोडून द्यायची नाही. तिथे शिरायचे, अटी घालून शिरायचे. माझ्या मते त्या अटी अशा:

१. समितीचे सदस्यत्व घराच्या कागदावर नको. गल्लीत राहणारी, विकणारी, झाडणारी, घरकामाला येणारी सगळी माणसे शेजारी. भाजीवाली आणि सफाई कामगार बाई समितीत असल्याशिवाय ‘लोकसहभाग’ हा शब्द वापरू नये.

२. बैठक बायकांना जमेल त्या वेळी. पाणी घालण्याच्या आणि खताच्या यादीत निम्मी नावे पुरुषांची. मोलकरणीकडून करून घेतलेल्या कामाचे वेगळे पैसे, ठरवून.

३. भाजीवालीविरुद्ध तक्रारअर्ज करण्याआधी २०१४ चा कायदा समितीत मोठ्याने वाचायचा. कुंड्या ठेवायच्या तर मोटारी उभ्या राहतात तिथे ठेवा.

४. काटेरी शोभेपेक्षा सावली. ताम्हण, बकुळ, करंज, कडुनिंब लावा. बुंध्याभोवती सिमेंट ओतू नका. मुळांना पाणी-हवा मिळाली नाही तर तेच झाड पावसाळ्यात कोणाच्या तरी अंगावर कोसळेल. झाडाखाली बाकडे हवे आणि विकणारीला जागा हवी.

५. सफाई कामगार बायांना कपडे बदलायला आडोसा, प्यायला पाणी आणि मुतारी. हे नसेल तर सुशोभीकरणाचा एक रुपयाही खर्च होऊ देऊ नये.

६. जे काम महापालिकेचे ते महापालिकेने पगारी माणसे लावून करावे. शेजाऱ्यांनी देखरेख करावी, जाब विचारावा. बायकांच्या फुकट श्रमांवर कराच्या पैशाची बचत होता कामा नये.

यातली एकही अट अवघड नाही. तरी समित्या कुरकुरतील. ‘तुम्ही प्रत्येक गोष्टीत बाई आणि जात आणता’ असे म्हणतील. आणावी लागत नाही. ती तिथे झाडू घेऊन, पाटी घेऊन, बादली घेऊन आधीपासून उभी आहे.

आपापल्या गटाच्या येत्या बैठकीत एक काम जरूर करा. आपल्या गल्लीची यादी करा: कोण राहते, कोण विकते, कोण झाडते, कोण पाणी घालते, निर्णय कोण घेते. पाच रकाने मांडा आणि नावे लिहा. मग ती यादी घेऊन परिसर समितीच्या पुढच्या सभेला जा. एकटी जाऊ नका, भाजीवालीला बरोबर घ्या. आणि काय झाले ते या अंकाकडे कळवा.